तारण आधी, आज्ञा मग: विश्वास, आज्ञापालन आणि नियमशास्त्र

प्रश्न असा आहे: तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे मिळते असे मंडळीत शिकवले जाते. मग आज्ञा पाळल्या काय किंवा न पाळल्या काय, फरक कुठे पडतो? आणि फरक पडत असेल, तर तारण फुकट कसे म्हणायचे? त्याला जोडून आणखी तीन गोष्टी विचारल्या आहेत. मोशेचे नियमशास्त्र ख्रिस्ती माणसाला लागू आहे का, नव्या करारातली पत्रे लिहिणारे पौल आणि याकोब एकमेकांच्या विरुद्ध बोलतात का, आणि एकाच पापात पुन्हापुन्हा पडणाऱ्याने स्वतःच्या तारणाविषयी काय समजावे?

बायबल शिकवण्यात आणि लोकांशेजारी बसून हेच प्रश्न ऐकण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. त्या अनुभवावरून सांगतो, की हा गुंता सहसा क्रम चुकल्यामुळे होतो. तारण आणि आज्ञापालन या दोन्ही गोष्टी लोक मानतात, पण कोणती आधी आणि कोणती नंतर याचा घोळ होतो. म्हणून सुरुवात पौलापासून न करता निर्गम या जुन्या करारातल्या पुस्तकापासून करतो.

निर्गमाच्या बाराव्या अध्यायात वल्हांडण, म्हणजे मिसरातून सुटकेची रात्र आहे, चौदाव्यात समुद्र दुभंगतो, एकोणिसाव्यात लोक सीनाय डोंगराशी पोहोचतात आणि विसाव्यात दहा आज्ञा येतात. मिसरात विटा थापणाऱ्या गुलामांकडे परमेश्वराने मोशेला पाठवले तेव्हा, या दहा आज्ञा वर्षभर पाळून दाखवा, मग सोडवतो, असा निरोप दिला नव्हता. आधी त्यांना बाहेर काढले. मारा येथे कडू पाण्यावरून ते कुरकुरले, पुढे अन्नावरून कुरकुरले, तरी मान्ना, म्हणजे देवाने रानात दिलेले अन्न, मिळाला. हे सगळे सीनायच्या आधीचे आहे. आणि आज्ञांचे पहिले वाक्य तर आज्ञाच नाही. ज्याने तुला मिसरातून, दास्यगृहातून बाहेर आणले तो मी परमेश्वर तुझा देव आहे, असे ते विधान आहे. पुढचे सगळे ‘करू नको’ आणि ‘कर’ त्या विधानावर उभे आहे. ते वाक्य गाळून आज्ञा पाठ केल्या की त्या तारणाच्या अटी वाटू लागतात. जुना करार म्हणजे कर्मे आणि नवा करार म्हणजे कृपा अशी सरळ फाळणी करणाऱ्यांना मी नेहमी या वाक्याकडे परत नेतो.

अब्राहामाकडे पाहिले तर हेच अधिक काटेकोरपणे दिसते. उत्पत्ती १५:६ मध्ये त्याने परमेश्वरावर विश्वास ठेवला आणि तो त्याच्या लेखी नीतिमत्त्व असा गणला गेला. सुंतेची आज्ञा सतराव्या अध्यायात आहे. इश्माएल जन्मला तेव्हा अब्राहाम ८६ वर्षांचा होता, सुंता झाली तेव्हा ९९ वर्षांचा, आणि पंधराव्या अध्यायातला प्रसंग इश्माएलाच्या जन्माआधीचा आहे. म्हणजे निदान तेरा वर्षे हा माणूस सुंता न झालेला, तरी देवापुढे नीतिमान होता. पौल रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात नेमका हाच हिशोब मांडतो. गलतीकरांस पत्र ३:१७ मध्ये तो आणखी पुढे जातो: नियमशास्त्र वचनानंतर ४३० वर्षांनी आले, ते आधी दिलेले वचन रद्द करू शकत नाही. पौलाने विश्वासाने तारण ही नवी कल्पना काढली, हा आरोप इथेच गळून पडतो. तो जुन्या कराराचा सर्वात जुना धागा धरून बोलत होता.

तर मग विश्वास म्हणजे काय? पुष्कळांच्या मनात विश्वास म्हणजे काही गोष्टी खऱ्या आहेत असे मान्य करणे. देव आहे, येशू त्याचा पुत्र आहे, तो वधस्तंभावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला. हे मान्य करणे गरजेचे आहेच, पण याकोब २:१९ प्रमाणे भुतेही एवढे मान्य करतात आणि थरथर कापतात. तारण देणारा विश्वास एका व्यक्तीवर टाकलेला भार असतो. ज्या येशूच्या हाती मी माझी क्षमा सोपवतो, तोच प्रभू आहे. तारणारा म्हणून त्याला जवळ घ्यायचे आणि प्रभू म्हणून दाराबाहेर उभे करायचे, अशी त्याची दोन माणसे करता येत नाहीत. म्हणूनच विश्वासाने नीतिमान ठरण्याची सर्वात ठाम मांडणी ज्या पत्रात आहे, त्या रोमकरांस पत्राच्या आरंभी (१:५) आणि शेवटी (१६:२६) पौल विश्वासातून येणाऱ्या आज्ञापालनाविषयी बोलतो. सर्व राष्ट्रांत त्यासाठीच आपल्याला पाठवले आहे असे तो म्हणतो. सोळा अध्यायांच्या दोन्ही टोकांना तीच गोष्ट ठेवलेली आहे.

दत्तक घेतलेल्या मुलाचे उदाहरण मला इथे सर्वात जवळचे वाटते, आणि ते पवित्र शास्त्रातलेच आहे (रोमकरांस ८:१५). मूल घरात आले ते आईवडिलांनी त्याला निवडले म्हणून. त्याने काही करून दाखवले म्हणून नव्हे. कागदपत्रे झाली, नाव मिळाले, हक्क मिळाला. पण त्या घरात राहायचे म्हणजे त्या घराची रीत अंगी यायलाच हवी. मूल ऐकत नाही म्हणून दत्तकपत्र फाडले जात नाही, आणि दत्तकपत्र आहे म्हणून आईवडील त्याला वाट्टेल तसे वागू देत नाहीत. उलट ते आपले आहे म्हणूनच त्याला शिस्त लावतात. इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायात शिक्षेचा अर्थ असाच सांगितला आहे: ज्यांना शिक्षा नाही ते पुत्रच नव्हेत.

आज्ञापालन हे तारणाचे मूळ नाही, फळ आहे, हे वाक्य तुम्ही ऐकले असेलच. ते खरे आहे, पण मी तिथेच थांबत नाही. कारण फळ म्हटले की काहीजण हात जोडून बसतात. लागेल तेव्हा लागेल. नवा करार तसे बसू देत नाही. फिलिप्पैकरांस २:१२-१३ मध्ये एकाच वाक्यात दोन्ही गोष्टी आहेत: भीत व कापत आपले तारण साधून घ्या, कारण इच्छा आणि कृती तुमच्यात घडवणारा देव आहे. देव काम करतो म्हणून तुम्ही थांबा, असे पौल म्हणत नाही. देव काम करतो म्हणून तुम्ही झटा, असे म्हणतो. इफिसकरांस २:८-९ पुष्कळांना तोंडपाठ असते, कृपेने विश्वासाच्या द्वारे तारण, कर्मांनी नव्हे, कोणी आढ्यता बाळगू नये म्हणून. दहावे वचन मात्र क्वचित कोणाला येते. त्यात म्हटले आहे की आपण सत्कर्मांसाठीच ख्रिस्त येशूमध्ये निर्माण केलेले आहोत. तीनही वचने एका श्वासात वाचल्याशिवाय कोणी पाठांतर पूर्ण झाले असे मानू नये, असे माझे म्हणणे असते. आणि तीताला पत्र २:११-१२ मध्ये तर कृपाच शिक्षिका होते, अभक्ती सोडायला तीच शिकवते.

आता नियमशास्त्र. पौल त्याच्याविषयी एकीकडे म्हणतो की त्याच्या कर्मांनी कोणीही नीतिमान ठरणार नाही (रोमकरांस ३:२०), आणि दुसरीकडे म्हणतो की ते पवित्र, न्याय्य आणि उत्तम आहे (७:१२). यात विरोध नाही. लोभ धरू नको असे नियमशास्त्राने सांगितले नसते तर मला लोभ कळलाच नसता, असे तो स्वतःबद्दल लिहितो. दहा आज्ञांतून त्याने हीच निवडली, कारण ही बाहेरून दिसत नाही. खून, चोरी, व्यभिचार टाळून माणूस स्वतःला चांगला समजू शकतो. लोभाची आज्ञा आली की ते समाधान टिकत नाही. नियमशास्त्र दोष दाखवते, पण तो दोष दूर करण्याचे बळ ते देत नाही. गलतीकरांस ३:२४ मध्ये त्याला बालरक्षक म्हटले आहे. त्या काळच्या ग्रीक-रोमी घरांत मुलाला शाळेत नेणारा-आणणारा आणि त्याच्या वागण्यावर डोळा ठेवणारा एक दास असे. मूल वयात आले की त्याचे काम संपे. पण मूल मोठे झाले म्हणून त्याने शिकवलेला चांगुलपणा टाकून द्यायचा, असे कोणी म्हणत नसे.

रोमकरांस ८:३-४ हे या सगळ्याचे केंद्र आहे असे मला वाटते. देहस्वभावामुळे नियमशास्त्र दुबळे पडले, म्हणून देवाने आपल्या पुत्राला पाठवले. कशासाठी? आत्म्याप्रमाणे चालणाऱ्या आपल्यामध्ये नियमशास्त्राचा आदेश पूर्ण व्हावा म्हणून. ख्रिस्ताच्या मरणाच्या हेतूतच आपले नीतिमान जगणे आहे. सहाशे वर्षे आधी यिर्मयाने (३१:३१-३४) नव्या कराराविषयी जे सांगितले तेही असेच आहे. आज्ञा सौम्य होतील, असे त्यात नाही. देव म्हणतो, मी माझे नियमशास्त्र त्यांच्या अंतःकरणावर लिहीन. पाटीवर जे होते ते हृदयावर येणार, आणि त्याच वचनात क्षमाही आहे: मी त्यांचे पाप पुन्हा स्मरणार नाही. यहेज्केल ३६:२६-२७ मध्ये तर देव स्वतःच म्हणतो की मी माझा आत्मा तुमच्यात घालीन आणि तुम्ही माझ्या विधींप्रमाणे चालाल असे करीन.

इथे एक सावधगिरी. यहूदी लोक कर्मांनी तारण विकत घेऊ पाहत होते, असे सरसकट चित्र आपल्या प्रवचनांत रंगवले जाते. ते अन्याय्य आहे. अनुवाद ९:४-६ मध्ये मोशे इस्राएलाला स्पष्ट बजावतो की तुझ्या नीतिमत्त्वामुळे हा देश तुला मिळत नाही. स्तोत्र ११९ ची १७६ वचने नियमशास्त्रावरच्या प्रेमाने भरलेली आहेत. ओझ्याखाली दबलेला माणूस असे गात नाही. लूक १८ मधल्या ज्या परूश्याला, म्हणजे नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणाऱ्या पंथातल्या माणसाला, येशूने दोष दिला, तो प्रत्येक धर्मात, प्रत्येक मंडळीत सापडतो. मंदिरातल्या त्याच्या प्रार्थनेत तो देवाचे आभारही मानतो! चूक एवढीच, की शेजारी उभ्या जकातदाराकडे बोट दाखवून तो स्वतःला तोलतो.

मग नेमक्या कोणत्या आज्ञा पाळायच्या? यहूदी परंपरेने नियमशास्त्रातल्या आज्ञा ६१३ मोजल्या आहेत. ख्रिस्ती शिक्षकांनी त्यांचे तीन वर्ग केले: नैतिक, विधिविषयक आणि नागरी. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी हे विभाजन विस्ताराने मांडले आणि १६४६ मध्ये तयार झालेल्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रातही ते आहे. शिकवायला ते उपयोगी पडते. पण मोशेने स्वतः अशा तीन पेट्या केलेल्या नाहीत. लेवीय १९ उघडून पाहा. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर, ही आज्ञा अठराव्या वचनात आहे. पुढच्याच वचनात दोन प्रकारच्या सुतांचे कापड घालू नको असे आहे. त्याच अध्यायात शेताच्या कडेचे पीक गरिबासाठी सोडायचे आहे, दाढीच्या कडा कापायच्या नाहीत आणि वृद्धापुढे उठून उभे राहायचे आहे. हे सगळे एकत्र विणलेले आहे. म्हणून कोणत्या पेटीतली आज्ञा, असे विचारण्याआधी मी विचारतो: ख्रिस्तामध्ये या आज्ञेचे काय झाले?

हा प्रश्न हातात धरला की पुष्कळ गोष्टी उलगडतात. यज्ञांविषयी इब्री लोकांस पत्राचा दहावा अध्याय सांगतो की ते छाया होते, ख्रिस्ताचे एकदाच झालेले अर्पण ही वस्तू आहे. त्यामुळे आज कोणी बकरा अर्पण करून क्षमा मागू लागला तर तो आज्ञा पाळत नाही, ख्रिस्ताला नाकारतो. अन्नाविषयी मार्क ७:१९ आणि प्रेषितांची कृत्ये १० पुरेसे आहेत. डुकराचे मांस खाणे पाप नाही, न खाणे पुण्य नाही. कोणाला खायचे नसेल तर खाणाऱ्याने त्याला तुच्छ लेखू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष देऊ नये (रोमकरांस १४). सुंतेविषयी १ करिंथकरांस ७:१९ हे वचन माझ्या फार आवडीचे आहे, कारण ते पहिल्या वाचनात चक्रावून टाकते. सुंता काही नाही, सुंता नसणेही काही नाही, देवाच्या आज्ञा पाळणे हेच सर्वकाही. अहो, पण सुंता ही देवाचीच आज्ञा होती ना? पौल हे जाणूनबुजून लिहितो. म्हणजे त्याच्या मनात, ख्रिस्त आल्यानंतर ‘देवाच्या आज्ञा’ या शब्दांचा अर्थ सुंतेच्या पलीकडे गेलेला आहे. दोन अध्यायांनंतर तो स्वतःविषयी म्हणतो की मी ख्रिस्ताच्या नियमाच्या अधीन आहे (९:२१). नियमाबाहेर तो कधीच नव्हता.

शब्बाथाबाबत, म्हणजे विसाव्याच्या सातव्या दिवसाबाबत, मंडळ्यांचे एकमत नाही. बहुसंख्य मंडळ्या पुनरुत्थानाचा दिवस म्हणून रविवारी एकत्र येतात. सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट शनिवार पाळतात. दहा आज्ञांपैकी बाकी नऊ नव्या करारात थेट पुन्हा सांगितलेल्या दिसतात, शब्बाथाची मात्र तशी पुनरुक्ती नाही. उलट कलस्सैकरांस २:१६-१७ मध्ये सण, अमावास्या, शब्बाथ यांवरून कोणी तुमचा न्याय करू नये असे आहे. माझे मत असे: दिवसाला तारणाची अट करणे चूक आहे. पण विसावा ही देवाची देणगी आहे आणि ती फेकून देऊन सातही दिवस स्वतःला राबवणारा माणूस स्वतंत्र झालेला नसतो.

आणि जिथे आज्ञा माणसाच्या मनाशी, शेजाऱ्याशी, देवाच्या नावाशी संबंधित आहे, तिथे येशू ती सैल करत नाही, खोल नेतो. मत्तय ५ मध्ये खुनाची आज्ञा रागापर्यंत जाते, व्यभिचाराची नजरेपर्यंत, शपथेची साध्या ‘होय’ आणि ‘नाही’पर्यंत. मत्तय २३:२३ मध्ये पुदिना, शेप, जिरे यांचा दशांश देणाऱ्यांना तो सांगतो की न्याय, दया आणि विश्वास या नियमशास्त्रातल्या मोठ्या गोष्टी तुम्ही सोडल्या. लहानमोठे असे नियमशास्त्रात आहे, हे त्याने स्वतः सांगितले.

या प्रश्नाचा पहिला मोठा निर्णय यरुशलेमच्या सभेत झाला, साधारण इ.स. ४९ मध्ये (प्रेषितांची कृत्ये १५). काहीजण अंत्युखियात येऊन शिकवू लागले होते की मोशेच्या रीतीप्रमाणे सुंता झाल्याशिवाय तुमचे तारण होणार नाही. पेत्र उभा राहिला आणि म्हणाला, जे जू आपल्या पूर्वजांना आणि आपल्याला वाहता आले नाही ते या शिष्यांच्या मानेवर का ठेवता? प्रभू येशूच्या कृपेनेच आपलेही तारण होते, त्यांचेही. शेवटी निर्णय सांगितला तो याकोबाने: देवाकडे वळणाऱ्या परराष्ट्रीयांना त्रास देऊ नये. फक्त मूर्तींना अर्पिलेले पदार्थ, जारकर्म, गळा दाबून मारलेले प्राणी आणि रक्त यांपासून त्यांनी दूर राहावे. यातल्या अन्नाच्या अटी मुख्यतः यहूदी आणि परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांना एका पंगतीला बसता यावे म्हणून होत्या, असे मी समजतो. जारकर्माची गोष्ट मात्र त्या पंगतीपुरती नव्हती, पुढे पुष्कळ पत्रांत ती ठामपणे येते.

हा याकोब प्रभूचा भाऊ, आणि मंडळीची परंपरा याकोबाचे पत्र त्याच्याच नावे मानते. म्हणजे ज्याच्यावर कर्मांनी तारण शिकवल्याचा आरोप होतो, त्यानेच परराष्ट्रीयांवर नियमशास्त्र लादू नका असा निकाल दिला. गलतीकरांस २:९ मध्ये त्याने पौलाला सहभागितेचा उजवा हात दिल्याचे पौल स्वतः लिहितो. दोघे भांडत असल्यासारखे आपण त्यांना वाचतो ते वरवर वाचल्यामुळे. पौलासमोर असा माणूस आहे जो म्हणतो, विश्वास पुरे नाही, सुंता करून घे, मग तू देवाच्या घरचा. याकोबासमोर असा माणूस आहे जो उघड्या, उपाशी भावाला सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा असे म्हणून दार लावून घेतो आणि वर विश्वासाच्या गप्पा मारतो. पौल उत्पत्ती १५ उघडतो, देवाने अब्राहामाला स्वीकारले तो क्षण. याकोब उत्पत्ती २२ उघडतो, इसहाकाला वेदीवर ठेवण्याचा प्रसंग, पुष्कळ वर्षांनंतरचा. आणि तो म्हणतो की उत्पत्ती १५:६ चे वचन तिथे पूर्ण झाले. स्वीकार आधीच झाला होता, तो खरा होता हे इथे दिसले. पौलाला याकोबाचे म्हणणे मान्य नसते तर त्याने गलतीकरांस ५:६ लिहिलेच नसते: प्रीतीच्या द्वारे कार्य करणारा विश्वास, तोच उपयोगाचा.

मार्टिन लूथर यांना याकोबाचे पत्र रुचले नाही. १५२२ च्या आपल्या जर्मन नव्या कराराच्या प्रस्तावनेत त्यांनी त्याला गवताचे पत्र म्हटले. पण त्याच आवृत्तीत रोमकरांस पत्राची प्रस्तावना लिहिताना त्यांनी विश्वास ही जिवंत, सतत कामात असलेली गोष्ट आहे आणि सत्कर्मे केल्याशिवाय तिला राहवतच नाही, असे लिहिले. याकोबाला याहून जास्त काही हवे होते असे मला वाटत नाही.

इतिहासात मंडळीने दोन्ही टोके नाकारली आहेत. दुसऱ्या शतकातल्या मार्कियोन नावाच्या शिक्षकाने जुना करारच टाकून द्यायचे ठरवले, तेव्हा इ.स. १४४ च्या सुमारास रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढले. पेलागियसच्या शिकवणीत माणूस स्वतःच्या बळावर देवाच्या आज्ञा पाळू शकतो असे होते. ऑगस्टीन यांनी त्याचा प्रतिवाद केला आणि ४१८ मध्ये कार्थेजच्या परिषदेने ती शिकवण नाकारली. लूथर यांचेच सहकारी योहान ॲग्रिकोला म्हणू लागले की विश्वासणाऱ्यांना नियमशास्त्र सांगायचे कारण नाही, तेव्हा लूथर यांनीच त्यांना विरोध केला. कॅथलिक मंडळीच्या ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये विश्वासानेच नीतिमान ठरण्याची प्रॉटेस्टंट मांडणी नाकारली आणि साडेचारशे वर्षे ती दरी राहिली. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबुर्गमध्ये कॅथलिक आणि लुथरन मंडळ्यांनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. त्यात एकत्र कबूल केले आहे की आपल्या कोणत्याही गुणामुळे नव्हे, तर कृपेनेच, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील विश्वासात देव आपल्याला स्वीकारतो, आणि पवित्र आत्मा देऊन सत्कर्मांसाठी बोलावतो. २००६ मध्ये मेथडिस्ट मंडळ्याही त्यात सामील झाल्या. सगळे मतभेद मिटलेले नाहीत, पण क्रम काय, यावर इतके एकमत व्हायला पाच शतके लागली हे लक्षात असू द्या. तुमच्या मनात गोंधळ आहे यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

आता शेवटचा प्रश्न, पुन्हापुन्हा पडणाऱ्याचा. हा मला सर्वात जपून हाताळावासा वाटतो. कारण हा प्रश्न दोन अगदी वेगळी माणसे विचारतात, आणि एकाला द्यायचे उत्तर दुसऱ्याला दिले तर नुकसान होते. येशूनेही सर्वांना एकच उत्तर दिले नाही. श्रीमंत तरुण आपण सगळ्या आज्ञा पाळल्या असे म्हणतो, त्याला तो आणखी एक आज्ञा देतो, आणि ती नेमकी त्याच्या मूर्तीवर बोट ठेवते. वधस्तंभावरच्या चोराला एकही आज्ञा दिली जात नाही, फक्त वचन दिले जाते. जक्कय या जकातदाराच्या घरी येशू स्वतःहून जातो, आणि अर्धी मालमत्ता गरिबांना, लुबाडले असेल त्याला चौपट, हे जक्कय त्यानंतर बोलतो.

ज्याला आपल्या पापाचे काहीच वाटत नाही, क्षमा आहेच तर चालायचेच असे जो म्हणतो, त्याला मी १ योहान २:४ आणि मत्तय ७:२१-२३ वाचायला सांगतो. पण मत्तयातला तो उतारा नीट वाचा. प्रभूजी, प्रभूजी म्हणणारे ते लोक आपला बचाव करताना काय पुढे करतात? संदेश दिला, भुते काढली, चमत्कार केले. म्हणजे कर्मेच पुढे करतात! त्यांच्याकडे कर्मे होती, पित्याच्या इच्छेप्रमाणे चालणे नव्हते, आणि येशू म्हणतो की माझी तुमची ओळखच नव्हती. सेवेची मोठी यादी असलेल्या माणसालाही तो उतारा हलवून सोडतो.

जो रडत येतो, पुन्हा तेच झाले म्हणून स्वतःला शाप देतो, त्याला मी तो उतारा देत नाही. त्याला १ योहान १:८-२:२ देतो: आपल्यात पाप नाही असे म्हटले तर आपण स्वतःला फसवतो, पाप कबूल केले तर तो विश्वसनीय आणि न्यायी आहे, आणि कोणी पाप केलेच तर पित्याजवळ आपला कैवारी आहे. पाप करणारा विश्वासणारा आणि पापाशी तह करून बसलेला माणूस, यांत फरक आहे. पेत्राने तीनदा नाकारले आणि बाहेर जाऊन मोठ्या दुःखाने रडला. गालील समुद्राच्या काठी त्याला तीनदा विचारले गेले, माझ्यावर प्रीती करतोस काय, आणि तीनदा काम सोपवले गेले. तारण गमावता येते का, यावर मंडळ्या आजही वेगवेगळे शिकवतात. १६१८-१९ च्या, कॅल्विनच्या परंपरेतल्या डॉर्टच्या सभेने देव आपल्या निवडलेल्यांना शेवटपर्यंत राखतो असे ठरवले. जॉन वेस्लींच्या, म्हणजे मेथडिस्ट परंपरेत विश्वास सोडून देण्याचा धोका खरा मानला जातो. दोन्ही बाजूंचे चांगले शिक्षक प्रत्यक्षात एकच करायला सांगतात: आज ख्रिस्ताकडे वळ. काल वळला होतास की नाही याचा पुरावा शोधत बसू नकोस.

प्रत्यक्षात काय करायचे, तेही सांगतो. एका परिपक्व, तोंड बंद ठेवणाऱ्या विश्वासणाऱ्याजवळ पाप नाव घेऊन कबूल करा (याकोब ५:१६). कोणाचे नुकसान केले असेल तर ते भरून द्या. नुसती प्रार्थना करून ते फिटत नाही. मोहाची वेळ, जागा, सोबत ओळखा आणि ती बदला. व्यसन असेल तर उपचारही घ्या, त्यात अविश्वास नाही. भावना किती दाटून आल्या यावर क्षमेचे माप काढू नका.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. आज्ञापालन हा शब्द काही पुढारी स्वतःसाठी वापरतात. माझे ऐकले नाही तर आशीर्वाद जाईल, दशांश दिला नाही तर तारण धोक्यात येईल, मंडळी सोडलीस तर शाप लागेल. अशा धाकाने मोडलेली माणसे माझ्यासमोर बसलेली आहेत, म्हणून हे लिहितो. नवा करार असे बोलत नाही. पुढाऱ्यांनी कळपावर धनीपण गाजवू नये (१ पेत्र ५:३), दान मनात ठरवल्याप्रमाणे द्यावे, दुःखी मनाने किंवा भाग पडले म्हणून नव्हे (२ करिंथकरांस ९:७), आणि वेळ आली तर मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा मानावी (प्रेषितांची कृत्ये ५:२९). पुढाऱ्यांचा मान राखा, पण तुमच्या तारणाची किल्ली त्यांच्या खिशात नाही.

यापुढचे वाचन सुचवतो. एका बैठकीत गलतीकरांस पत्र वाचा, सहाच अध्याय आहेत. दुसऱ्या दिवशी याकोबाचे पत्र, पाच अध्याय. वाचताना दोन रंगांच्या पेन्सिली घ्या: देवाने काय केले ते एका रंगाने, आपण काय करायचे ते दुसऱ्याने. गलतीकरांस पत्रात पहिले चार अध्याय बहुतेक एकाच रंगाचे होतील आणि पाचव्यापासून दुसरा रंग भरू लागेल. याकोबात रंग जास्त मिसळलेले दिसतील, पण १:१८ आणि १:२१ पाशी थांबा. सत्यवचनाने जन्म आणि रोवलेले वचन ही देवाची कृती तिथे त्याच्या बहुतेक आज्ञांच्या आधी येते. मग रोमकरांस ६ ते ८ घ्या, आणि घाई करू नका.